मूठभर सातूचे अंतर

कृतयुग ओसरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल अजून लागायची होती, त्या काळी ही वसुंधरा सगळीकडे सारखी होती. कुठलीही मूठभर माती उचलावी, तिचा वास एकच, कस एकच. झाडे उभी असत ती नुसती टेकल्यासारखी. मुळे होती त्यांना, पण नखाएवढी. शोधायचेच काही नव्हते, मग हात लांबवून करायचे काय?

पुढे पिंडारक नावाच्या दानवाने उग्र तप करून ओषधी-वनस्पतींचा रस पिण्याचा वर मिळवला, आणि पिऊन पिऊन तो विंध्यासारखा फुगला. तेव्हा वज्रधर देवेंद्र ऐरावतावर आरूढ होऊन मरुद्गणांसह त्याच्यावर चालून गेला. रथांच्या घरघराटाने दिशा बधिर झाल्या, बाणांची छाया एवढी दाटली की भर माध्यान्ही पाखरे घरट्यांकडे वळली. अखेर वज्र दानवाच्या छातीत बसले आणि त्या महाकाय देहाच्या चिंधड्या पृथ्वीभर विखुरल्या. जिथे मांस पडले तिथली माती काळीभोर, लोण्यासारखी झाली. जिथे हाडे पडली तिथे चुनखडीचा माळ झाला. जिथे त्याचा शेवटचा जळता श्वास लागला, तिथे गवताची काडी उगवेना. देव जयघोष करीत स्वर्गाला गेले. खालचे आवरायला कोणी मागे थांबले नाही.

भूदेवी रडत ब्रह्मदेवाकडे गेली. म्हणाली, "पितामह, माझे अंग मला पुन्हा सारखे करून द्या. माझी लेकरे एका जागी उभी राहणारी. ज्याच्या पायाखाली हाडे आली, त्याने काय खायचे?"

ब्रह्मदेव म्हणाले, "कन्ये, सांडले ते सांडले. आता ज्याचे त्याने शोधून खावे." एवढे बोलून ते ध्यानस्थ झाले. पण झाडांना शोधणे कुठे ठाऊक होते? ती उभ्या जागी वाळू लागली.

त्याच विस्कटलेल्या भूमीवर, पयोदा नदीच्या वळणावर, वार्क्षायण ऋषींचा आश्रम होता. पर्णकुटीच्या दारी हरिणे रवंथ करीत बसत, होमाचा धूर नदीवरच्या धुक्यात मिसळून जाई. आश्रमाच्या पूर्वेला काळी जमीन आणि भरलेली शेते. दक्षिणेला हाडांचा माळ, टेकाडामागून टेकाड. ऋषी उंछवृत्तीने राहत. म्हणजे पीक कापून नेल्यावर शेतात सांडलेले दाणे वेचून आणायचे आणि त्यावर जगायचे. मागायचे नाही, साठवायचे नाही.

त्यांची भार्या धारिणी, आणि दोन पुत्र. थोरला वसुमान, रुंद खांद्यांचा. धाकटा तनुक, नावासारखाच किरकोळ. वसुमान पूर्वेला वेचायला जाई, तनुक दक्षिणेला, माळावरच्या एखाद्या खोलगट तुकड्यात कोणी काही पेरले असेल तर. सकाळी धारिणी दोघांच्या उपरण्याला मूठ मूठ सातूचे पीठ बांधी. सायंकाळी दोघांचे दाणे एकाच मडक्यात पडत आणि चौघेही सारखे जेवत. कोणी किती आणले हे कोणी विचारीत नसे.

मग ऋषींच्या मनात दीर्घ सत्र, म्हणजे वर्षानुवर्षे चालणारा यज्ञ, करायचे आले. सत्राला धान्य हवे, धान्य साठवायला हवे. साठवायचे नाही हा नेम त्यांनी हळूच बाजूला ठेवला आणि मडक्यात डोकावू लागले. एके दिवशी म्हणाले, "आर्ये, जो जास्त आणतो त्याची शिदोरी वाढव, जो कमी आणतो त्याची त्या मानाने कमी कर. यात अन्याय नाही. दाणा जिथे आहे, तिथे बळ जावे."

ऐकायला ते इतके रास्त होते की धारिणीने मान डोलावली.

वसुमानाला दोन मुठी मिळू लागल्या. भरल्या पोटी तो लांबवर जाई, टोपली भरून आणी, आणि त्याला आणखी मिळे. तनुकाची अर्धी मूठ झाली. अर्ध्या पोटी माणूस किती माळ तुडवणार? तो आणखी कमी आणी, आणि त्याची मूठ आणखी आटे.

वसुमान हसून म्हणे, "काय रे तनुका, आज दक्षिणेने काय दान दिले? वारा की धूळ?"

"दोन्ही दिले, दादा. पण आजचा वारा निराळा होता." मग तो पित्यापुढे हात जोडून उभा राहिला. "तात, शेवटच्या टेकाडापलीकडून ओल्या मातीचा वास येतो. तिथे पाणी आहे. पाणी आहे तिथे नीवाराचे रानभात असणारच. एक दिवस मला पुरती मूठ द्या, मी तिथवर पोचतो. अर्ध्या वाटेतच माझे पाय मोडतात."

"वासाने मडके भरते होय रे?" वसुमान म्हणाला.

ऋषी म्हणाले, "वत्सा, आधी आण, मग खा. जे दिसत नाही त्याच्यापायी हातचे घालवणे ही बुद्धी नव्हे."

तनुक वळला. "माते, तू तरी?"

धारिणीचा हात सातूच्या मडक्यात होता. मूठ भरलेली होती. तिने पतीकडे पाहिले आणि बोटे सैल केली. पीठ परत मडक्यात पडले. मग चिमूटभर उचलून तिने त्याच्या उपरण्याला बांधले आणि म्हणाली, "ऊन चढायच्या आत माघारी ये हो."

तो माघारी आला नाही. वसुमान पहिल्या टेकाडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन हाका मारून आला. तनुकाचे दर्भासन गुंडाळून ठेवले गेले आणि त्याची चिमूट वसुमानाच्या शिदोरीत पडू लागली. मडके थोडे अधिकच भरले. ऋषी म्हणाले, "पाहिलेस?" धारिणीने मडके झाकले.

पुढे अवर्षण पडले. काळी माती भेगाळली. कणसेच नाहीत, तर सांडणार काय? वसुमान रिकामी टोपली घेऊन येऊ लागला. सत्राचा अग्नी विझला, साठवलेले संपले, पयोदेच्या पात्रात वाळू उरली. आणि तेव्हा, पूर्वेला काही उरले नाही तेव्हा, ऋषींना दक्षिणेची आठवण झाली.

तिघे पडत झडत शेवटच्या टेकाडावर पोचले. तिथे कोणीतरी पालथे पडलेले त्यांना दिसले. पण पलीकडच्या उतारावर, खडकाच्या कपारीत, पाणीही दिसले. सांगायला जीभ जड होते, पण झाले ते असे: तिघेही त्या देहाला वळसा घालून खाली धावले आणि आधी पोटभर पाणी प्याले. झऱ्याकाठी नीवार पिकून वाकला होता. त्याच्या ओंब्या ओरबाडून त्यांनी तोंडात कोंबल्या. मग वर वळून पाहिले.

तनुकाचा एक हात उताराच्या दिशेने लांब झालेला होता. बोटे मातीत रुतलेली होती.

धारिणी ओंजळीत झऱ्याचे पाणी घेऊन वर आली आणि त्याच्याजवळ बसली. "नाथ, इथून त्या पाण्यापर्यंत अंतर किती, ठाऊक आहे? मूठभर सातूचे. ती मूठ माझ्या हातात होती."

"मी न्यायच केला," ऋषी पुटपुटले.

"तर मग तोच न्याय युगानुयुगे करीत राहा!" तिने ओंजळीतले पाणी शिंपडले. "वृक्ष होऊन उभे राहा. जे मूळ आणील त्याला भरवा, जे शोधीत राहील त्याला तोडा, आणि जगाने तुम्हाला शहाणे म्हणावे!"

वसुमान ओरडला, "माते, माझा काय अपराध? वाढलेस ते खाल्ले."

"काहीच नाही, बाळा. तू असाच खात राहशील. अंधारात, जाड होऊन."

"आणि तू?" ऋषींनी विचारले.

"मी त्या झाडाचे खोड. मडके माझ्याकडेच होते ना."

तोच भूमी दुभंगली आणि भूदेवी प्रकट झाली. ऋषींनी तिचे पाय धरले. "देवी, उःशाप दे."

"नाही देणार," भूदेवी म्हणाली. "माझी झाडे उभ्या जागी मरताहेत. शोधून कसे खावे, हे त्यांना शिकवायला कोणी नव्हते. आता तुम्ही शिकवा. तुमच्यावाचून मला दुसरे कोणी मिळाले नाही, हे माझे दैव." मग तिने तनुकाची रुतलेली बोटे कुरवाळली. "याची वास घेण्याची शक्ती मी प्रत्येक मुळाच्या टोकाला देते. ओल कुठे आहे ते त्याला कळेल. तिथवर पोचण्यापुरती शिदोरी मिळेल की नाही, ते माझ्या हाती नाही. ते वरच्यांच्या हाती."

तेव्हापासून झाडे जगली. वर पाने हिरवीगार असतात, जाणारा येणारा सावलीत टेकून म्हणतो, किती शहाणे झाड! खाली उकरून पाहा. शेणखताच्या बाजूला मुळांची दाट जटा असते, एकात एक गुंतलेली, गलेलठ्ठ. मुरमाच्या बाजूला एखादेच मूळ गेलेले असते, सुतासारखे बारीक, वाळलेले. ते ओढून काढू नये. त्याच्या मागोमाग हलक्या हाताने माती बाजूला सारीत जावे. मूळ संपते. त्याच्या टोकापुढे, मूठभर अंतरावर, माती ओली लागते.