जॅकवरचं चाक

“...पण उस्ताद, नवं गॅरेज मला एकट्याला का नाही?”

कासिम उस्ताद नुकतेच गाडीखालून बाहेर आले होते. त्यांनी हात पुसायला चिंधी घेतली.

घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. दुसरं वर घाटमाथ्यावर उघडायचं ठरलं होतं. आजवर त्यांनी एकट्या शिष्याच्या हाती कधी गॅरेज दिलं नव्हतं, जोडीच पाठवायची ही त्यांची रीत. या खेपेला जोडी होती हेरंब आणि भिवाची.

हेरंबचा हात भलता चपळ. यात खोटं काहीच नव्हतं, आणि पंचाईत तीच होती. भिवाची एक क्लचप्लेट बसेपर्यंत हेरंबच्या दोन गाड्या रस्त्याला लागत. भिवा नट आवळून झाला तरी पुन्हा पाना लावून बघे. हेरंबने आवळलेल्या नटांनाही लावून बघे, आणि हे तर हेरंबच्या डोक्यातच जाई.

भिवा सोबत असेल तर मी येत नाही, शहरात नोकरी धरतो, असं त्याने आज सांगून टाकलं.

उस्तादांचा चेहरा उतरला. हा पोरगा त्यांचा फार लाडका होता.

चिंधी खांद्यावर टाकून ते म्हणाले, “इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी जाते रे?”

हेरंब खुलला. आधी क्लच, मग गिअरबॉक्स, मग गाडीच्या पोटाखालचा लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याच्या टोकाला, मागच्या दोन चाकांच्या मधोमध, डिफरन्शियलचा गोळा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून हा गोळा एकाच इंजिनावर दोघांना वेगवेगळं फिरू देतो. सगळं त्याने एका दमात सांगितलं.

“बरोबर,” उस्ताद म्हणाले आणि उठले.

नव्या गॅरेजचं सामान भरलेली जीप सपाट अंगणात उभी होती. उस्तादांनी मागच्या बाजूला जॅक लावून डावं चाक वीतभर उचललं. उजवं मातीवरच राहू दिलं. मग पुढच्या चाकाखालचा दगड पायाने दूर सारला आणि हँडब्रेकही सोडला.

“बस आत. तिसऱ्या गिअरला घे.”

हेरंबने ॲक्सिलरेटर दाबला.

डावं चाक गरगरा फिरू लागलं. आवाज चढत गेला, अंगणातल्या कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. भिवाही ट्रकखालून डोकं काढून बघू लागला. उजवं चाक जागचं हललं नाही.

हेरंब बाहेर वाकून मागे बघत होता. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

“बघा उस्ताद! हे एकटं पळतंय, आणि ते ढिम्म बसलंय. मी दुसरं काय सांगत होतो?”

उस्तादांनी कौतुकाने मान डोलावली.

“काटा कितीवर आहे?”

“चाळीस.”

“दाब अजून.”

“...साठ, उस्ताद!”

“वा.”

जीप होती तिथेच होती.

उस्ताद आंब्याखालच्या खाटेवर जाऊन आडवे झाले. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

“घाटमाथा आला की मला उठव.”