कुलसचिवांमार्फत कुलसचिवांची तक्रार

मुलींच्या वसतिगृहातली पाण्याची टाकी वर्षभर कुणी धुतली नव्हती. मुक्ता घोडेरावच्या खोलीतली शबाना काविळीने दवाखान्यात पडली, तेव्हा मुक्ताने तक्रारीचा अर्ज लिहिला. वॉर्डनबाईंनी तो हातातही घेतला नाही. म्हणून मुक्ता तडक विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे, साठमसाहेबांकडे गेली.

साहेबांनी अर्ज टेबलावरून तसाच मागे सरकवला. "यावर वॉर्डनची सही कुठंय?"

"सर, तक्रार त्यांच्याचविरुद्ध आहे. त्या कशा सही देतील?"

"ते मला नको सांगूस. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्यामार्फतच ती वर आली पाहिजे. माझ्या ऑफिसात नियम म्हणजे नियम!"

मुक्ता वाद घालत बसली नाही. तिने पिशवीतून कोरा कागद काढला, उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या आणि साहेबांपुढे ठेवल्या.

"आता हे काय आणखी?"

"दुसरी तक्रार, सर. कुलगुरूंसाठी. कुलसचिव अर्ज घेत नाहीत म्हणून. तुमच्याविरुद्ध आहे, म्हणजे तुमच्यामार्फतच जायला हवी. इथं तुमची सही द्या."

साहेब ताडकन उठले. "माझ्याविरुद्धच्या अर्जावर मीच सही करू? वेड लागलंय का मला?"

"मग वॉर्डनबाईंना तरी कुठं लागलंय, सर?"

साहेब खाली बसले. पहिला अर्ज ओढून त्यांनी पोच दिली आणि वॉर्डनबाईंना फोन लावला. "टाकी आजच्या आज धुऊन घ्या!" फोन ठेवून ते मुक्ताला म्हणाले, "झालं समाधान? फाड तो दुसरा कागद."

"फाडते की, सर. आधी टाकी धुऊन होऊ दे."