राजाचा कंट्रोलर आणि सहा बांगड्या

जांभूळगडचे विक्रांतराजे घाटाच्या सातव्या वळणावर रोज पडायचे. खऱ्या घाटात नव्हे हो, गेममधल्या. दिवाणखान्यात भिंतीएवढा पडदा, पडद्यावर फटफट्यांची शर्यत, आणि समोर गादीवर राजे मांडी ठोकून बसलेले. सहा वळणं कशीबशी निघायची. सातवं आलं की फटफटी गर्रकन फिरायची, राजे दरीत, आणि हातातला कंट्रोलर भिंतीवर!

"कंट्रोलरच कुचकामी," राजे म्हणायचे. "दुसरा आणा."

दुसरा आणला, तिसरा आणला. कुणी कीबोर्ड आणला, कुणी मोटारीला असतं तसं चाक आणलं. चाकाला तर राजांनी सोन्याचा पत्रा मढवून घेतला. ढीग कमरेपर्यंत आला, पण दरी काही सुटेना. इकडे दसऱ्याला शेजारच्या राजाशी शर्यत ठरलेली. एकदा प्रधानजी बोलून गेले, "महाराज, जरा हात सांभाळून..." झालं. त्याच दिवशी दवंडी पिटली : राजाच्या हाताला जो नावं ठेवील, तो राज्याबाहेर. प्रधानजी आठ दिवस तापाचं निमित्त करून घरी बसले.

अशात एका सकाळी मैना आली. मैना म्हणजे दगडू कासाराची लेक. देवळाच्या दारात बापलेकीची बांगड्यांची बैठक होती. दगडूचे डोळे अधू झाले, तेव्हापासून बायाबापड्यांचे हात मैनाच भरायची. राणीसाहेबांना दसऱ्याचा चुडा भरायला ती दिवाणखान्यात बसली होती, आणि तेवढ्यात राजे दरीत गेले. मैनाला हसू फुटलं.

"कोण हसलं?"

"मी, महाराज."

"फार कळतं वाटतं तुला? मग तूच निवड. या ढिगातून असा कंट्रोलर काढ, की मी सातव्या वळणावर पडणार नाही. पडलो, तर देवळाच्या दारातली तुमची बैठक उठली म्हणून समज. आणि दवंडी ऐकली आहेस ना?"

"ऐकलीय, महाराज."

मैनाचं हसू मावळलं. बैठक उठली तर अधू बापाचा हात धरून गावोगाव फिरायची पाळी. पण ती ढिगाकडे गेलीच नाही. तिथंच पुढ्यात बसून म्हणाली, "महाराज, बांगडी निवडायच्या आधी कासार काय करतो?"

"काय करतो?"

"हात बघतो. हात बघितल्याबिगर बांगडी निवडत नाहीत, मग कंट्रोलर तरी कसा निवडू?"

"बघ की." राजांनी हात पुढे केला.

"नुसता नाही कळायचा. काम करताना बघायला हवा. ही घ्या बांगडी, राणीसाहेबांना भरा."

"एवढंच?" राजांनी हिरवी बांगडी घेतली आणि दिली रेटून. कर्रकन आवाज झाला.

"फुटली," राजे म्हणाले.

"फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं," राणीसाहेब म्हणाल्या. "आणि हा माझा हात आहे, स्वारींचा घाट नव्हे."

दुसरी वाढली. तिसरी वाढली. सहावी वाढली तेव्हा राजांच्या कपाळावर घाम आला.

"मग तू कशी भरतेस गं?"

"मी कशाला बोलू बाई, दवंडी आहे. मी आपली एक भरते, तुम्ही बघत राहा."

मैनाने राणीसाहेबांचा अंगठा तळव्यात दुमडला. बांगडी बोटांच्या मुळाशी नेली आणि थांबली. जरा दाब दिला, जरा सोडला, परत दिला. बांगडी मनगटावर कधी उतरली ते कळलंसुद्धा नाही.

राजांनी पुढची बांगडी उचलली. या खेपेला श्वास रोखला. दाबली, थांबले, सैल केली, पुन्हा दाबली. बांगडी अलगद मनगटात जाऊन बसली. राजांचा चेहरा असा फुलला, की जणू किल्लाच सर केला.

"आता निवडते," मैना उठली. सोन्याचं चाक तिनं बाजूला सारलं. "फटफटी काय चाक फिरवून वळते? ती कुशीवर कलते. हे मोटारीला राहू द्या." मग कीबोर्डाचं बटण दाबून पाहिलं. "हा भलताच हट्टी. दाबलं की सगळं, सोडलं की काहीच नाही. मधलं याला ठाऊकच नाही." शेवटी ढिगाच्या तळातून तिनं एक साधा काळा कंट्रोलर ओढून काढला. मागच्या अंगाला, बोटांखाली, दोन मऊ खटके होते.

"हा घ्या. एका खटक्याला वेग, एका खटक्याला ब्रेक. जेवढं दाबाल, तेवढंच मिळेल. अंगठ्याखालची दांडी जेवढी झुकवाल, तेवढीच फटफटी कलेल. आत्ता बांगडी भरलीत ना, तसं."

राजे बसले. सहा वळणं झाली. सातवं आलं. राजांनी ब्रेक दाबला, जरा सोडला, परत दाबला. फटफटी कुशीवर कलली, दरीच्या काठाकाठानं गेली आणि सरळ होऊन पलीकडे निघाली. राणीसाहेबांनी भरल्या हातानं टाळी वाजवली.

राजांनी खुशीत कंट्रोलर उलटा केला आणि त्यांच्या भुवया चढल्या. पाठीवर मोठा ओरखडा.

"थांब. हा तर माझा सगळ्यात पहिला. पहिल्याच दिवशी मी आपटला होता. म्हणजे कंट्रोलर चांगलाच होता. दोष माझ्या हाताचा होता, असंच ना तुझं म्हणणं?"

नुकतेच बरे झालेले प्रधानजी हळूच खांबाआड सरकले.

"मी तर हूं की चूं केलं नाही, महाराज," मैना म्हणाली. "तुमच्या हाताबद्दल बोलल्या त्या सहा बांगड्या. त्याही राणीसाहेबांच्या देखत, चांगल्या कर्रकन. हद्दपार करायचंच तर त्यांना करा. पळून जाऊ नयेत म्हणून मी सुपलीत गोळा करून ठेवल्यात."

राजे सुपलीकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की कंट्रोलर हातातून गादीवर घरंगळला.

देवळाच्या दारातल्या बैठकीवर आठ दिवसांत कौलारू छप्पर चढलं, आणि ती जागा दगडूच्या घराण्याला कायमची मिळाली. सहा बांगड्यांना वाजतगाजत वेशीबाहेर सोडलं. त्यांच्या जागी नव्या सहा मात्र राणीसाहेबांनी मैनाकडून भरून घेतल्या नाहीत.

"या स्वारींनीच भरायच्या, तेवढाच सराव," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला शर्यत आहे."