काळ्या पट्ट्यांना मनाई

बेळगावच्या गोऱ्यांच्या क्लबाला चहा मीच पुरवायचो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या गल्लीतल्या हेर्लेकरांची इंदुमती तिथल्या जलशात पियानो वाजवायची परवानगी मागायला आली होती. सेक्रेटरीसाहेब गुरगुरला, “इथं काळ्यांना मनाई आहे!”

“बरं साहेब. मग आपल्या आवडीची एक चाल तेवढी ऐका,” म्हणत ती पियानोपाशी बसली. चाल सुरू झाली, पण दर दोन पावलांवर लंगडू लागली.

साहेब ओरडला, “मधले सूर कुठं गेले?”

“ते काळ्या पट्ट्यांत आहेत, साहेब. त्यांना मनाई आहे ना?”

मडमा खो-खो हसल्या. साहेबानं मग तिचं नाव जलशात वाजवणाऱ्यांच्या यादीत लिहिलं. पुढं आमच्या इंदुमतीनं मुलूख गाजवला. पण पहिल्यांदा नाव चढलं ते साहेबाच्याच हातानं, आणि काळ्या शाईनं, बरं का!