तानूअक्काचा हातगुण

फार वर्षांपूर्वी, आपल्या शेळपवाडीला सडक पोचली नव्हती तेव्हा, इथं तानूअक्का नावाची वैदीण राहायची. तिनं श्वास सोडला की समोरच्या पिंपळाची पानं हलायची, असं म्हणतात. तिच्या लेपानं गळवं बसायची, मुरगळलेले पाय चालू लागायचे.

एका आषाढात गावातली हौसा तिच्याकडं आली. छातीत गाठ होती. अक्कानं चाचपून बघितलं आणि लेपाचा खल बाजूला सारला.

"हौसा, ही गाठ माझ्या लेपाची नव्हं. शहरातल्या दवाखान्यात जायचं. आजच."

"अक्का, तू नुसता हात लाव. तुझ्या हाताला गुण हाय."

"तुला वाचवायचीय, म्हणून सांगते. ऊठ."

अक्काचा हातगुण गेला, असं गाव कुजबुजलं. अक्कानं ते ऐकलं आणि हौसाला पाठीवर घेतलं. नदीला पूर होता, नाव बंद होती. अक्का पाण्यात उतरली, तसं गळ्याएवढं पाणी गुडघ्यावर आलं, असं म्हणतात.

दवाखान्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी गाठ काढली, मग किरणांचे शेक दिले. अक्का पायरीवर बसून राहिली. एकदा तिनं आपली पुरचुंडी डॉक्टरांपुढं उघडली. "यातलं काय तुमच्या औषधाच्या आड येत असंल, ते सांगा." डॉक्टरांनी दोन मुळ्या वेगळ्या काढल्या. अक्कानं त्या तिथंच टाकून दिल्या.

हौसा घरी आली ती उजवा हात छातीशी धरूनच. हात वर जाईना, घास गोड लागेना. "वाचले खरी, पण कशाला?" म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करायची.

अक्का रोज सकाळी मुगाचं कढण घेऊन यायची. शेजारी बसून म्हणायची, "श्वास घे. हात उचल. दुखलं की थांब." कधी हौसा रडायची, कधी चिडून वाटी ढकलायची. अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पावसाळा सरला, थंडी सरली. शिमग्याच्या सकाळी हौसानं दोन्ही हात डोक्यामागं नेले आणि स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा रडली, असं म्हणतात. पुढं हौसानं नातवंडांची लग्नं पाहिली.

आजही शेळपवाडीतली कुणी बाई असले उपचार घेऊन परतली, की गल्लीतल्या बाया सकाळी तिच्या अंगणात जमतात. तानूअक्काचं नाव घेतात, त्या बाईबरोबर श्वास घेतात, हात उचलतात. आणि तिचा हात जिथं थांबतो, तिथंच सगळ्यांचे हात थांबतात.