भरलेलं दालन आणि साळुंकीचे तीन शब्द

एका राज्यात पाणवठ्यावर दोघीजणी बोलत होत्या. एक म्हणाली, "पोथीचं दालन रिकामं झालं आणि कमळजेची लेखणी आत गेली, की तिची पोर परत मिळेल म्हणे, अन् सगळं..." इतक्यात हंडा भरला, बाई तो डोक्यावर घेऊन चालती झाली. उरलेलं वाक्य ऐकणाऱ्यांनी आपापल्या घरी पुरं केलं. जो तो एकच शब्द जोडी: पहिल्यासारखं.

त्या पोथीत जे लिहावं ते घडे. मूल पाच वर्षांचं झालं की त्याचं नाव माणसांच्या पानावर चढवायची रीत होती. म्हातारा लेखनिक डोळ्यांनी अधू. त्याने दोन पानं एकदम उलटली आणि कमळजेच्या इंदुलीचं नाव पाखरांच्या पानावर चढवलं. दिवस मावळायच्या आत इंदुलीची साळुंकी झाली. पुढे म्हातारा गेला, तेव्हा कमळजेने त्याची लेखणी मागून घेतली. एक ओळ खोडायची, एक लिहायची, एवढंच तिचं काम होतं.

पण दालनाचा नियम कडक. वाचणारे कितीही असोत, एकत्र बसोत. लेखणी मात्र आत कुणी नसेल तेव्हाच जाई. पूर्वी एकाने अर्धी लिहिलेली ओळ वाचली होती, तेव्हापासून त्याच्या आंब्याला एकाच बाजूने मोहर येई.

सात वर्षं कमळजा पायरीवर बसून होती. खांद्यावर साळुंकी. पाखराच्या गळ्यातून माणसाचे शब्द एकेक करून गळाले होते. तीन उरले होते: पाणी, आई, दार.

"आत किती आहेत, तुळाजीदादा?" तिने द्वारपालाला विचारलं.

"अकरा."

"काल नऊ होते."

"दोन गेले, चार आले. बाई, तुमच्या लेखणीची आता चूल पेटवायची काडी झाली."

तिने उंबऱ्यापाशी उभं राहून वाचणाऱ्यांची विनवणी केली. ज्योतिषी म्हणाला, "एवढं पान होऊ दे, ताई." तो शब्दाचा पक्का, पान होताच उठला. पण जाणाऱ्याने आपला दिवा येणाऱ्याच्या हाती दालनातच द्यायचा, अशी चाल होती. येणारा आत आला, दिवा घेतला, त्याच जागी बसला. सगळे भले होते हो, कुणी तिचं वाईट चिंतलं नाही. त्या महिन्यात साळुंकी 'पाणी' विसरली. वाटीकडे नुसती बघत राही.

मग कमळजा राजा भद्रसेनाकडे गेली.

"महाराज, लेखणीला आधी सोडा."

"आजोबांनी सोडलं होतं," राजा म्हणाला. "चाळीस लेखनिक एकामागून एक आत शिरले. वैद्याला औषधाचं पान दिसेना. साथीत तीन गावं ओस पडली. दिव्याची चाल तेव्हाच आली. एका पोरीसाठी ती मोडू?"

परतताना वाटेत साळुंकी 'आई' विसरली. कमळजेने तिला शंभर वेळा तो शब्द ऐकवला.

दुसऱ्या दिवशी ती लेखणी मोडायला निघाली होती. साळुंकी म्हणाली, "दार." पुन्हा म्हणाली, "दार." कमळजेने दालनाच्या दाराकडे पाहिलं. सात वर्षं ती आतल्यांना उठवत होती. बाहेरून येणाऱ्यांना तिने कधी थांबवलंच नव्हतं.

तिने पदराचा दोरा ओढून उंबऱ्यावर बांधला आणि राजाला बोलावणं धाडलं. राजा आला.

"महाराज, आतल्यांना उठवू नका. त्यांचं वाचून होऊ दे. दोरा बांधल्यावर आलेल्यांनी पायरीवर थांबावं, दिवा तिथेच घ्यावा. मग मी एकटी जाईन. मी बाहेर आले की हे थांबलेले सगळे आधी आत. दुसरी लेखणी त्यांच्यामागून."

"आणि वैद्य?"

"माझ्या दोन ओळींइतका थांबेल."

राजाने मान डोलावली. एकेक दिवा पायरीवर आला. शेवटचा आला तेव्हा दालन काळोखं झालं. कमळजेने आपला दिवा नेला, ओळ खोडली, दुसरी लिहिली, आणि बाहेर येऊन स्वतःच्या हाताने दोरा सोडला. वैद्य पहिला आत गेला.

पायरीवर बारा वर्षांची मुलगी बसली होती. केसांत एक पीस अडकलेलं.

"इंदुली, मी कोण गं?"

मुलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "दार," ती म्हणाली.

पोथीत लिहिलं ते घडलं होतं. गळालेले शब्द कुठल्याच पानावर नव्हते.

तो दोरा आजही तिथे आहे. लेखणी आली की बांधतात, गेली की सोडतात, आणि त्या राज्यात कुणी कायमचं ताटकळत नाही. कमळजा मुलीला पाणवठ्यावर घेऊन गेली. ओंजळीत पाणी धरून म्हणाली, "पाणी." मुलगी प्यायली, बोलली नाही. कमळजेने पुन्हा ओंजळ भरली.

ती हंडेवाली तिथेच होती. म्हणाली, "पोर मिळाली बघा, खरं निघालं. अन् सगळं..." तिने कमळजेकडे पाहिलं, आणि हंडा अर्धाच भरला असताना उचलला.