न आलेल्यांची नोंद

एका राज्यात कारभाराची पारख करणारे एक वृद्ध आचार्य होते. कोणत्याही खात्यात नवी व्यवस्था आली, की ती लोकांच्या खरोखर उपयोगी पडते का, हे पाहून राजाला सांगायचे, एवढेच त्यांचे काम. विद्याधर नावाचा तरुण शिष्य त्यांच्या हाताखाली शिकत होता.

त्या वर्षी नौकाखात्यात मोठी सुधारणा झाली. नदीवरचे सहा लहान घाट बंद करून साऱ्या नावा एका मोठ्या घाटावर आणल्या गेल्या. सुधारणा करणारा अधिकारी सोमदत्त हाही एकेकाळी आचार्यांचाच शिष्य होता आणि त्यांचा लाडका होता.

विद्याधरने नोंदवह्या तपासल्या. फेऱ्या दुप्पट झाल्या होत्या, खोळंबा संपला होता.

"आचार्य, सगळे उत्तम आहे. अहवाल लिहू?"

"लिहिशील. आधी माझ्याबरोबर चल."

आचार्य त्याला एका बंद घाटावर घेऊन गेले आणि पायरीवर बसून राहिले. सूर्य मावळला तसे उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. विद्याधर मनातून वैतागला. जिथे नावच नाही, तिथे नौकाखात्याची कसली तपासणी? पण विचारण्याचा त्याला धीर होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी लगबगीने घाट उतरली आणि लुगडे खोचून थेट पाण्यात शिरू लागली.

"आजी, अहो, कुठे निघालात?" विद्याधर ओरडला.

"पलीकडं बाळंतीण अडलीय, लेकरा. सुईण हाय मी. मोठ्या घाटावरनं वळसा घालायचा तर दुपार टळंल. तवर ती पोर कशी तग धरंल?"

विद्याधरने उपरणे पायरीवर टाकले आणि तिचा हात धरला. मध्यावर पाणी छातीला लागले. म्हातारीचा पाय दोनदा सुटला. तिला पैलतीरी पोचवून तो परतला. दुपारी पलीकडून हाक आली: मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

आचार्य त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बाळ, तू वाचलेल्या वह्या खोट्या नाहीत. पण त्यांत मोठ्या घाटावर आलेल्यांचीच नोंद आहे. जे येऊच शकले नाहीत, त्यांची नोंद कोण ठेवणार? ते काम आपले."

विद्याधरने रागाच्या भरात अहवाल लिहिला. आचार्यांनी तो शांतपणे वाचला. फेऱ्या दुप्पट झाल्या, हे त्यांनी आरंभीच घालायला लावले. सुईणीची हकीकत मात्र जशीच्या तशी ठेवली. मग दरबारात देण्यापूर्वी त्यांनी तो सोमदत्तला दाखवला.

सोमदत्तचा चेहरा उतरला. "आचार्य, हे आपण माझ्याविरुद्ध लिहिलेत?"

"तुझे काम अर्धे चांगले झाले आहे. ते पुरे व्हावे, म्हणून लिहिले."

सोमदत्तने अहवाल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "मग आपणच सांगा, कुठल्या घाटावर किती नावा ठेवू?"

"ते तूच ठरव, सोमदत्ता. मी ठरवले, तर उद्या मी माझ्याच निर्णयाची पारख करणार कशी?"

सोमदत्तने वाकून नमस्कार केला. पुढचे काही दिवस तो स्वतः काठाकाठाने हिंडला.

महिन्याभरात राजाज्ञा निघाली: प्रत्येक लहान घाटावर एक होडी रोज राहील. विद्याधर आज्ञेची प्रत घेऊन धावतच आला.

"आचार्य, आज्ञा निघाली!"

आचार्य नुसते हसले. विद्याधर क्षणभर थांबला. हातातल्या प्रतीकडे त्याने पाहिले, ती जपून कोनाड्यात ठेवली आणि वहाणा पायांत सरकवल्या.

"आता कुठे निघालास?"

"होडी आली का, ते पाहून येतो."

आचार्य उठले. दोन भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांनी त्याच्या हाती दिल्या आणि तो वळणाआड जाईपर्यंत ते दारात उभे राहिले.